ॲप्स पुसूनही बॅटरी रोज उतरते: बॅकग्राउंडमधलं नेमकं ॲप कसं पकडायचं

रात्री अकराला ८० टक्क्यांवर ठेवलेला फोन सकाळी सातला ६० टक्क्यांवर दिसतो. मधल्या आठ तासांत कुणी त्याला हात लावलेला नसतो. मग रिसेंट्समधली (अलीकडे उघडलेल्या ॲप्सच्या यादीतली) सगळी ॲप्स पुसली जातात, एखादं क्लीनर ॲप बसवलं जातं, फोन बंद करून पुन्हा चालू केला जातो. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी तशीच उतरायला लागते. या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एका किंवा दोन ॲप्समध्ये असतं. सरसकट सगळ्या ॲप्सवर निर्बंध घातले की मेसेज उशिरा येतात, गजर चुकतात, आणि वैतागून माणूस सगळं पूर्ववत करून टाकतो. ती दोन ॲप्स शोधायला मात्र दोन-तीन रात्री पुरतात.

आधी एक रात्र मोजा

"बॅटरी लवकर संपते" एवढ्या अंदाजावर काहीच करता येत नाही. आकडा हवा. बॅटरीची क्षमता एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-तासांत) मोजतात. ५००० एमएएचच्या बॅटरीचा १ टक्का म्हणजे ५० एमएएच. आठ तासांत २० टक्के गेले तर १००० एमएएच गेले, म्हणजे रात्रभर सरासरी १२५ मिलिअँपिअरचा प्रवाह चालू होता. स्क्रीन बंद असलेला, वाय-फायला जोडलेला, व्यवस्थित झोपणारा फोन आठ तासांत साधारण २ ते ५ टक्के घेतो. त्याच बॅटरीवर हिशोब केला तर हा प्रवाह १२ ते ३० मिलिअँपिअर भरतो. या दोन आकड्यांतला फरक सांगतो की प्रोसेसर किंवा मोडेम (नेटवर्कशी संपर्क ठेवणारा भाग) रात्रभर झोपलाच नाही, कुणीतरी त्याला जागं ठेवत होतं.

मोजताना फोन ७० ते ९० टक्क्यांच्या मध्ये असू द्या. अगदी १०० टक्क्यांवरून सुरुवात केली तर बऱ्याच फोनमध्ये पहिला एखादा टक्का हळू सरकतो आणि आकडा फसवा येतो. झोपताना टक्के आणि वेळ कागदावर लिहा, चार्जर काढा, फोन एका जागी ठेवा. सकाळी दुसरं काहीही उघडण्याआधी पुन्हा टक्के लिहा.

दुसऱ्या रात्री हेच सगळं एअरप्लेन मोड लावून करा. गजर वाजेल, फोन मात्र येणार नाही. रात्री कुणाचा फोन येण्याची शक्यता असेल तर ही चाचणी दिवसा सलग चार तास करा आणि आकडा दुप्पट धरा. पहिल्या रात्री २० टक्के आणि एअरप्लेन मोडमध्ये ३ टक्के गेले, तर दोष नेटवर्कच्या बाजूला आहे: एखादं ॲप सतत सर्व्हरशी बोलतंय किंवा सिग्नल कमजोर आहे. एअरप्लेन मोडमध्येही १५ टक्के गेले, तर नेटवर्कशिवाय प्रोसेसरला धरून ठेवणारं काहीतरी आहे किंवा बॅटरीच थकली आहे. पहिल्या प्रकारात तिसरी रात्र एअरप्लेन मोड तसाच ठेवून फक्त वाय-फाय चालू करून बघा. इथे आकडा लहानच राहिला तर ॲप्सना दोष देऊ नका, मोबाइल सिग्नल तपासा. टॉवर लांब असला की मोडेमला संपर्क टिकवण्यासाठी जास्त ताकदीने प्रक्षेपण करावं लागतं. ५जी आणि ४जी यांच्यात सतत उड्या मारणारा फोनही असाच थकतो. त्या जागी नेटवर्कचा प्रकार ४जीवर बांधून ठेवला की फरक लगेच दिसतो.

एक पथ्य मात्र पाळा. सिस्टिमचं मोठं अपडेट नुकतंच झालं असेल किंवा नव्या फोनवर जुना डेटा उतरवला असेल, तर पहिले दोन-तीन दिवस मोजूच नका. त्या काळात फोन ॲप्स नव्याने जुळवून घेतो, फोटोंची सूची बनवतो, बॅकअप उतरवतो. हा खर्च आपोआप थांबतो.

रिसेंट्स पुसून काहीच का होत नाही

रिसेंट्सच्या यादीत ॲपचं चित्र दिसलं म्हणजे ते चालू आहे, ही समजूत फार घट्ट बसलेली आहे. ती यादी म्हणजे अलीकडे काय उघडलं होतं याची नोंद. तिथल्या बहुतेक ॲप्सचा डेटा रॅममध्ये पडून असतो, पण त्यांना प्रोसेसरचा वेळ मिळत नाही. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये अशी कॅशमधली ॲप्स सिस्टिम चक्क गोठवून ठेवते. शिवाय रॅम भरलेली असो वा रिकामी, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच असते. म्हणजे "रॅम मोकळी केली" या वाक्यात बॅटरीची बचत कुठेच नाही.

उलट पुसलेलं ॲप पुन्हा उघडलं की ते शून्यापासून सुरू होतं: स्टोरेजमधून कोड वाचणं, लॉगिन तपासणं, पहिलं पान नव्याने आणणं. दिवसातून वीस वेळा उघडायचं मेसेजिंग ॲप वीस वेळा पुसलं तर हा खर्च वीस वेळा होतो. आणि ज्या ॲपला खरोखर बॅकग्राउंडमध्ये काम करायचं असतं, ते रिसेंट्समधून पुसल्यावरही पुश मेसेज (सर्व्हरने स्वतःहून धाडलेला निरोप) आला, ठरवलेलं काम आलं किंवा फोन रीस्टार्ट झाला की परत उठतं. क्लीनर ॲप त्याला पुन्हा मारतं, ते पुन्हा उठतं. या मारामारीत वीज दोघांचीही जाते आणि क्लीनर स्वतः कायम जागा राहतो. बॅटरीची तक्रार असलेल्या फोनवर क्लीनर किंवा बॅटरी बूस्टर असेल तर तो सगळ्यात आधी काढा. त्याला डिव्हाइस ॲडमिनची (फोनवर जादा ताबा देणारी) परवानगी दिलेली असेल तर आधी ती बंद करावी लागते. डिव्हाइस ॲडमिन चालू असेपर्यंत ॲप अनइन्स्टॉल होत नाही.

आयफोनबाबतही हेच. २०१६ मध्ये एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देताना ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी, बॅटरी वाचवण्यासाठी ॲप्स जबरदस्तीने बंद करण्याची गरज नाही, असं स्पष्ट कळवलं होतं.

रिसेंट्समधून पुसणं योग्य ठरतं ते अडकलेल्या ॲपसाठी: थिजलेला व्हिडिओ कॉल, पोहोचल्यावरही रस्ता सांगत बसलेलं नेव्हिगेशन, फिरतं चक्र न थांबणारं अपलोड.

फोन झोपतो कसा आणि त्याला उठवतं कोण

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून डोझ नावाची सोय आहे. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला आणि फोन एका जागी पडलेला असला की थोड्या वेळाने सिस्टिम ॲप्सचं इंटरनेट तोडते, त्यांची कामं पुढे ढकलते आणि अधूनमधून एक छोटी खिडकी उघडून सगळ्यांना एकदमच कामं उरकू देते. या खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये खिशात हलणाऱ्या फोनसाठीही याची सौम्य आवृत्ती आली. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ॲप्सना वापरानुसार कप्प्यांत टाकलं जातं: सध्या वापरात असलेली, नियमित वापराची, बऱ्यापैकी वापराची आणि क्वचित वापराची. कप्पा जितका खालचा तितकी बॅकग्राउंडची मुभा कमी. अँड्रॉइड १२ मध्ये सगळ्यात खाली रिस्ट्रिक्टेड कप्पा आला. त्यातल्या ॲपची कामं दिवसातून एकदाच, १० मिनिटांच्या सत्रात उरकली जातात.

एवढी व्यवस्था असूनही बॅटरी जाते, म्हणजे कुणीतरी तिच्यातल्या वाटा वापरतंय. त्या वाटा ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

पहिली वाट फोरग्राउंड सर्व्हिसची. पट्टीत कायमची सूचना दाखवून ॲप चालूच राहतं: पावलं मोजणारं, घड्याळाशी जोडलेलं, व्हीपीएन, स्थान शेअर करणारं, गाणी वाजवणारं. यातली बरीच रास्त असतात. "हवामान अपडेट चालू आहे" अशी दिवसभर लटकलेली सूचना मात्र रास्त नाही.

दुसरी वाट बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून, म्हणजे सिस्टिमच्या बॅटरी वाचवण्याच्या नियमांतून, सूट. पहिल्यांदा उघडल्यावर ॲप एक खिडकी दाखवतं: बॅकग्राउंडमध्ये कायम चालू राहू द्यायचं का? आपण घाईत "अलाऊ" दाबतो आणि ते ॲप अनरिस्ट्रिक्टेड (निर्बंध नसलेल्या) यादीत जाऊन बसतं. वारंवार परत येणाऱ्या तक्रारीचं हे एक मोठं कारण आहे.

तिसरी वाट स्थान. "ऑल द टाइम" परवानगी दिलेलं खरेदीचं किंवा कूपनचं ॲप तासातून काही वेळा तरी स्थान विचारू शकतं, आणि दर वेळी फोनला थोडं जागं व्हावं लागतं.

चौथी वाट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आलेल्या सूचनेवर बोट टेकवलं की ते ॲप थेट वरच्या कप्प्यात जातं. महिन्यातून एकदा लागणारं ॲप रोज "मोठी सवलत" अशी सूचना पाठवतं, आपण ती उघडून बंद करतो, आणि ते ॲप क्वचित वापराच्या कप्प्यात कधी पोहोचतच नाही. म्हणून अशा ॲपच्या सूचना बंद करणं हा बॅटरीचाही उपाय आहे.

बॅटरीचं पान नीट वाचा

सकाळचा आकडा लिहून झाला की लगेच सेटिंग्ज > बॅटरी > बॅटरी युसेज उघडा. काही फोन शेवटच्या पूर्ण चार्जपासूनचा हिशोब दाखवतात, काही शेवटच्या २४ तासांचा. आलेखात रात्रीच्या तासांवर बोट ठेवलं की बहुतेक फोन तेवढ्याच वेळातली ॲप्स दाखवतात. आपल्याला तेच हवं आहे.

टक्क्यांकडे बघून घाबरू नका. बऱ्याच फोनवर ॲपसमोरचा आकडा म्हणजे गेलेल्या बॅटरीतला त्या ॲपचा वाटा असतो. रात्रीत फक्त ४ टक्के गेले आणि त्यातले ५० टक्के एका ॲपच्या नावावर असले, तर त्याने २ टक्केच घेतलेत. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

खरी माहिती ॲपच्या नावावर टॅप केल्यावर मिळते. तिथे स्क्रीनवरचा वेळ आणि बॅकग्राउंडचा वेळ वेगवेगळे दिसतात. समजा, बातम्यांच्या एका ॲपसमोर असं लिहिलंय: स्क्रीनवर ६ मिनिटं, बॅकग्राउंड ५ तास १० मिनिटं. बातम्यांच्या ॲपला पाच तास जागायचं काही कारण नाही, हाच चोर. दुसरीकडे व्हिडिओच्या ॲपसमोर ३५ टक्के, स्क्रीनवर ३ तास, बॅकग्राउंड ४ मिनिटं असेल, तर तो वापर आपला स्वतःचा आहे आणि बॅकग्राउंडची कुठलीही सेटिंग तो कमी करणार नाही. गाण्यांच्या ॲपचे ४ तास बॅकग्राउंड म्हणजे चार तास गाणी ऐकली, इतकंच.

यादीत गूगल प्ले सर्व्हिसेस वर दिसलं तर गोंधळू नका. स्थान, पुश मेसेज, खात्यांचं सिंक ही कामं ते इतर ॲप्सच्या वतीने करतं, त्यामुळे दुसऱ्याचा खर्च त्याच्या नावावर पडतो. अशा वेळी सेटिंग्ज > लोकेशनमध्ये अलीकडे स्थान कुणी घेतलं ते बघा, आणि खात्यांच्या यादीत सिंकचं चिन्ह सतत फिरत राहिलेलं खातं आहे का ते तपासा. पासवर्ड बदलल्यावर जुन्या पासवर्डने दर काही मिनिटांनी लॉगिन करू पाहणारं ईमेल खातं हे इथलं नेहमीचं दुखणं. खातं काढून पुन्हा जोडलं की ते थांबतं. प्ले सर्व्हिसेस मात्र बंद करू नका. सूचना, नकाशे, पेमेंट, सगळंच लंगडं होतं.

अँड्रॉइड १३ पासून आणखी एक सोय आहे. वरून पट्टी पूर्ण खाली ओढली की तळाशी किती ॲप्स सध्या चालू आहेत ते दिसतं. त्यावर टॅप केलं की फोरग्राउंड सर्व्हिस चालवणाऱ्या ॲप्सची यादी येते, प्रत्येकासमोर किती वेळ चालू आहे आणि थांबवण्याचं बटण. झोपताना ही यादी एकदा बघा. तिथे "११ तास" असं लिहिलेलं अनोळखी नाव दिसलं तर पुढचा शोध घ्यायची गरजच उरत नाही.

सापडलेल्या ॲपचं काय करायचं

हलक्या उपायापासून सुरुवात करा आणि एका रात्री एकच बदल करा. पाच बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि तक्रार परत आली की पुन्हा शून्यावर.

सुरुवात ॲपच्या स्वतःच्या सेटिंगपासून. फोटो बॅकअप फक्त वाय-फायवर आणि चार्जिंगला असताना. चॅटचा बॅकअप रोजऐवजी आठवड्याने, व्हिडिओ वगळून. व्हिडिओंसकट काही जीबींचा चॅट बॅकअप रोज मध्यरात्रीनंतर कमजोर नेटवर्कवरून चढत असेल, अर्धवट तुटून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर रात्रीचे टक्के तिथेच गेलेले असतात. हवामानाच्या विजेटचा अपडेट दर १५ मिनिटांऐवजी ३ तासांनी ठेवा.

मग परवानग्या. त्या ॲप इन्फोमध्ये, म्हणजे सेटिंग्जमधल्या त्या ॲपच्या पानावर, असतात. ॲप इन्फो > परमिशन्स > लोकेशन इथे "ऑल द टाइम" असेल तर "व्हाइल युझिंग द ॲप" करा. रोजच्या वापरात याने काही अडत नाही.

त्यानंतर बॅटरीची सेटिंग. ॲप इन्फो > बॅटरी इथे अँड्रॉइड १२ पासून तीन पर्याय मिळतात. अनरिस्ट्रिक्टेड म्हणजे मोकळीक, ऑप्टिमाइझ्ड म्हणजे सिस्टिमच्या नियमांनी, रिस्ट्रिक्टेड म्हणजे बॅकग्राउंड जवळपास बंद. नव्या आवृत्त्यांमध्ये आधी बॅकग्राउंड वापराचं एक बटण दिसतं. ते बंद केलं की रिस्ट्रिक्टेड झालं. चोर ॲप अनरिस्ट्रिक्टेडमध्ये सापडलं तर थेट रिस्ट्रिक्टेड करण्याआधी एक रात्र ऑप्टिमाइझ्डवर ठेवून बघा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं आणि सूचनाही वेळेवर येत राहतात.

ॲप इन्फोमधलं फोर्स स्टॉप हा तात्पुरता उपाय आहे, पण चाचणीसाठी उत्तम. फोर्स स्टॉप केलेलं ॲप आपण स्वतः उघडेपर्यंत उठत नाही: त्याची ठरलेली कामं रद्द होतात, पुश मेसेजही पोहोचत नाहीत. संशयित ॲप झोपताना फोर्स स्टॉप करा. २० टक्क्यांचे ४ टक्के झाले तर चोर पक्का, आणि मग कायमची सेटिंग करा. रोज रात्री फोर्स स्टॉप करत बसणं हा उपाय नव्हे. तेवढीच गरज असेल तर ॲप काढा आणि तेच संकेतस्थळ ब्राउझरमध्ये वापरा. ब्राउझरच्या टॅबला स्वतंत्र ॲपइतकी बॅकग्राउंडची मुभा कधीच नसते.

काही ॲप्सना मात्र हात लावू नका: गजर आणि घड्याळ, फोन आणि एसएमएस, मुख्य मेसेजिंग ॲप, लॉगिनची मंजुरी मागणारं ॲप, घरच्यांशी स्थान शेअर करणारं सुरक्षिततेचं ॲप. ग्लुकोज सेन्सर किंवा तत्सम वैद्यकीय उपकरणाशी जोडलेलं ॲप तर अनरिस्ट्रिक्टेडच हवं. त्याची धोक्याची सूचना चुकण्यापेक्षा रात्रीचे चार टक्के गेलेले परवडतात. फोन कुणा वडीलधाऱ्यांचा असेल तर औषधाची आठवण देणारं ॲपही याच यादीत घाला.

कंपन्यांच्या स्वतःच्या सेटिंग

मूळ अँड्रॉइडच्या वर कंपन्या आपापले निर्बंध लादतात, त्यामुळे मेनू वेगळे दिसतात.

सॅमसंगमध्ये बॅटरी > बॅकग्राउंड युसेज लिमिट्स इथे तीन याद्या आहेत. स्लीपिंग ॲप्स अधूनमधूनच बॅकग्राउंडमध्ये चालतात. डीप स्लीपिंग ॲप्स फक्त आपण उघडल्यावर चालतात, त्यांच्याकडून सूचनेची अपेक्षाच ठेवू नका. नेव्हर स्लीपिंगमध्ये वर सांगितलेली हात न लावायची ॲप्स टाका. न वापरलेली ॲप्स आपोआप झोपवणारं बटण तिथेच आहे. ते चालू राहू द्या, फक्त त्याने एखादं कामाचं ॲप झोपवलेलं नाही ना, हे महिन्याने एकदा बघा.

शाओमी, रेडमी आणि पोकोमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एकच करतात. ऑटोस्टार्ट म्हणजे ॲपने स्वतःहून उठण्याची परवानगी. बॅटरी सेव्हरचा पर्याय म्हणजे उठल्यावर किती काम करू द्यायचं. चोर ॲपचं ऑटोस्टार्ट बंद केलं पण बॅटरी सेव्हर "नो रिस्ट्रिक्शन्स"वर राहिला, तर एकदा उघडल्यावर ते चालूच राहतं. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसमध्ये ॲप इन्फो > बॅटरी युसेज इथे बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी आणि ऑटो लाँच अशी दोन बटणं शेजारीच असतात. विवोमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये बॅकग्राउंड वीजवापराची वेगळी यादी मिळते.

या फोनवर उलटी तक्रारही तितकीच येते: बॅटरी छान टिकते पण मेसेज ॲप उघडल्यावरच येतात. कारण हेच निर्बंध, चुकीच्या ॲपवर बसलेले.

डेव्हलपर ऑप्शन्समधली बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट मात्र वापरू नका. "नो बॅकग्राउंड प्रोसेसेस" निवडलं की मघाचाच खेळ सुरू होतो: प्रत्येक ॲप दर वेळी शून्यापासून उघडतं. फोन रीस्टार्ट झाला की ती सेटिंग तशीही पुसली जाते. त्याच मेनूतली स्टँडबाय ॲप्सची यादी मात्र बघण्यासारखी आहे. कुठलं ॲप कुठल्या कप्प्यात आहे ते तिथे दिसतं. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की हा मेनू उघडतो.

आयफोनवर

इथे गोष्टी कमी आहेत. सेटिंग्ज > जनरल > बॅकग्राउंड ॲप रिफ्रेशमध्ये ॲपवार बटणं आहेत. बातम्या, खरेदी, खेळ बंद करा. नकाशे, मेसेजिंग, बँक राहू द्या. बंद केल्यावरही सूचना येतातच, कारण त्या सर्व्हरकडून स्वतंत्रपणे येतात. फक्त ॲप उघडल्यावर नवी माहिती यायला क्षणभर जास्त लागतो. रिफ्रेश बंद असूनही एखादं ॲप बॅकग्राउंडमध्ये दिसत असेल तर स्थान किंवा ऑडिओ बघा, ती कामं या बटणाखाली येत नाहीत. प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसच्या यादीत कुणी अलीकडे स्थान घेतलं ते बाणाच्या खुणेवरून कळतं.

तीन-चार ईमेल खाती असतील तर मेलच्या सेटिंगमधलं फेच न्यू डेटा उघडा. मुख्य खातं पुशवर ठेवा, बाकीची तासाला एकदा किंवा मॅन्युअल करा. लो पॉवर मोड बॅकग्राउंड रिफ्रेश, आपोआप डाउनलोड आणि मेल आणणं थांबवतो, पण चार्ज करताना ८० टक्क्यांवर गेला की आपोआप बंद होतो. त्यामुळे तो रात्रीपुरता आधार आहे, चोर पकडायच्या कामाचा नाही.

सगळं करूनही परत आलं तर

अनरिस्ट्रिक्टेड यादी पुन्हा उघडा. सेटिंग्ज > ॲप्स > स्पेशल ॲप ॲक्सेस > बॅटरी ऑप्टिमायझेशन इथे सूट मिळालेली सगळी ॲप्स एका जागी दिसतात. काही फोनवर नाव थोडं वेगळं असतं. ॲप काढून पुन्हा बसवलं की त्याच्यावरचे जुने निर्बंध जातात आणि ते पुन्हा परवानगी मागतं. सिस्टिमच्या मोठ्या अपडेटनंतर कंपन्यांच्या काही याद्याही मूळपदावर येतात. म्हणून मघाचा कागद जपून ठेवा: ॲपचं नाव, काय बदललं, आधीचे आणि नंतरचे टक्के. परत आल्यावर तो कागद बघून दोन मिनिटांत काम होतं.

कागदावरचं सगळं जागेवर असूनही आकडा मोठाच असेल तर सेफ मोड वापरा. पॉवर मेनूतल्या पॉवर ऑफवर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनवर सेफ मोडचा पर्याय येतो. यात आपण बसवलेली सगळी ॲप्स बंद राहतात. एक रात्र तसंच ठेवा. आकडा ३-४ टक्क्यांवर आला तर दोष बसवलेल्या ॲप्समध्येच आहे: तक्रार सुरू होण्याच्या आसपास बसवलेली किंवा अपडेट झालेली ॲप्स प्ले स्टोअरमध्ये तारखेनुसार बघा आणि एकेक काढत जा. सेफ मोडमध्ये काही विजेट घरपानावरून निघून जाऊ शकतात, म्हणून आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सेफ मोड आणि एअरप्लेन मोड दोन्ही लावून रात्रीत १५ टक्के जात असतील तर ॲप्सचा विषय संपला. फोन ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो का, चार्जरला लावताच आकडा उडी मारतो का, ते बघा. दोन्ही जुन्या बॅटरीच्या खुणा आहेत. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थची कमाल क्षमता ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. मागचं कव्हर उचललेलं दिसत असेल किंवा स्क्रीनची कड वर आली असेल तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्ज करू नका, कव्हर दाबून बसवू नका, बंद करा आणि दुरुस्ती केंद्रात द्या.